सहावं पाकीट

टाचणीबाईंना कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर त्या वळून बघतीलच याची खात्री नाही. हे नाव त्यांना कपड्यांच्या कारखान्यात चिकटलं. तिथे अठरा वर्षं त्यांनी तान्ह्या मुलींचे फ्रॉक शिवले, आणि अठरा वर्षं त्यांच्या ओढणीच्या काठाला ओळीनं आठ टाचण्या खोचलेल्या असत. नवरा म्हणायचा, हिला जवळ घ्यायचं तर आधी चिलखत घालावं लागतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला आयुष्यात हाच एक विनोद सुचला होता आणि त्यानं तो पुरवून पुरवून वापरला.

कारखान्यात सुईचा नियम कडक होता. मशीनवर सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, कागदावर चिकटपट्टीनं लावायचे, अखंड सुईशी जुळवून दाखवायचे. तेव्हाच नवी सुई मिळायची. तान्ह्या मुलाच्या कपड्यात सुईचं टोक राहिलं तर काय होईल हे कुणी समजावून सांगत नसे, सांगावं लागतही नसे. एकदा टाचणीबाईंची सुई तुटली आणि टोक काही सापडेना. शेजारणीनं हळूच आपल्या डब्यातली जुनी सुई पुढे केली, तिचं टोक मोडून चिकटवलं की हिशेब जुळला असता. टाचणीबाई उठल्या आणि सुपरवायझरला सांगून आल्या. मग काय, सगळ्या रांगेनं चारशे बारा फ्रॉक उसवायला घेतले. बायका त्यांच्या नावानं बोटं मोडत होत्या. एक म्हणाली, हरवली असेल कुठे तरी, जाऊ दे की. तेव्हा सुपरवायझर शांतपणे म्हणाला होता, "सुई हरवत नसते बाई. ती कुठल्या तरी फ्रॉकात असते." ती तीनशेव्या की कितव्या तरी फ्रॉकाच्या झालरीत निघाली. त्यानंतर आठवडाभर रांगेतली एकही बाई टाचणीबाईंशी बोलली नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा नणंदेनं त्यांना त्वचेच्या दवाखान्यात लावून दिलं. काम साधं होतं, टॉवेल धुणं, चादरी बदलणं, फरशी पुसणं. एक दिवस तिथल्या नोकराच्या बोटात काचेचा कण घुसला. तीन जण झटले आणि त्याला रडवून मोकळे झाले. टाचणीबाईंनी चिमटा घेतला, एकदा बघितलं आणि कण बाहेर. डॉक्टरीणबाई दारातून पाहत होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशीपासून टाचणीबाईंना शिकवायला घेतलं, परीक्षेला बसवलं, प्रमाणपत्र मिळवून दिलं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी टाचणीबाई पुन्हा सुईवर आल्या. फक्त कापडाच्या जागी माणसाचे गाल आले.

या उपचाराला मायक्रोनीडलिंग म्हणतात. टाचणीबाई त्याला सरळ टोचणं म्हणत. जाड पेनासारखं यंत्र असतं. त्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं प्लॅस्टिकचं टोपण बसवायचं. टोपणाच्या तोंडाशी बारीक बारीक छत्तीस सुया असतात. बटण दाबलं की त्या क्षणाक्षणाला आत-बाहेर करतात आणि त्वचेला नजरेला न दिसणाऱ्या जखमा करतात. मग त्वचा कामाला लागते, जखमा भरता भरता जुने खड्डे, वण, सुरकुत्याही थोड्या थोड्या भरून काढते. एका बैठकीत काही होत नाही, चार-सहा बैठका लागतात, दोन बैठकांच्या मध्ये महिना जाऊ द्यावा लागतो. चेहरा नवा व्हावा म्हणून माणसं पाऊण तास बधिर करणारं मलम लावून पडून राहतात आणि मग स्वतःहून छत्तीस सुयांखाली गाल धरतात, याचं टाचणीबाईंना पहिलं वर्षभर नवल वाटे. नंतर त्यांना माणसं दिसायला लागली आणि नवल संपलं.

त्यातलीच एक पोस्टातली. काउंटरच्या काचेमागे बसायची. लहानपणी मुरुमांनी तिच्या उजव्या गालाची चाळण केली होती. तिनं नोकरीला लागल्यापासून खुर्ची तिरपी लावली होती, लोकांकडे डावा गाल येईल अशी. बारा वर्षं तशी बसून तिची मान धरायला लागली होती. मानेच्या डॉक्टरकडे गेली, त्यानं विचारलं अशी का बसता, तिला सांगता येईना, आणि ती इथे आली. हे तिनं टाचणीबाईंना दुसऱ्या बैठकीला सांगितलं. तिसऱ्या बैठकीला आली तेव्हा म्हणाली, "ताई, परवा खुर्ची सरळ केली." टाचणीबाईंना घरी जाऊन हे नवऱ्याला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. त्यांचा तिच्यावर जीव होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

टोचण्याची टाचणीबाईंची एक रीत होती आणि ती त्या कधी मोडत नसत. सकाळी त्या दिवसाची यादी बघून तेवढीच सीलबंद पाकिटं कपाटातून काढायच्या आणि ट्रेमध्ये रांगेनं लावायच्या. गिऱ्हाईक आडवं झालं की डोळ्यांवर ओला कापूस. मग त्याच्या कानाशी पाकीट फाडायचं, टोपण पेनाला बसवायचं, वर स्वच्छ पांढरा नॅपकिन टाकायचा. मग चेहरा जंतुनाशकानं पुसायचा, नॅपकिन उचलायचा आणि सुरुवात. पेनावर नॅपकिन म्हणजे नवं टोपण तयार. काम संपलं की टोपण लगेच सुयांच्या डब्यात. एकाची सुई दुसऱ्याला लावायची नाही, हे तर या धंद्यातलं पहिलं अक्षर. संध्याकाळी ट्रे रिकामा दिसला की टाचणीबाई हात धुऊन घरी.

त्या दिवशी सहा जण होते. साडेपाचला टाचणीबाई ट्रे पुसायला गेल्या आणि त्यांचा हात थांबला. ट्रेमध्ये एक पाकीट होतं. सीलबंद.

आधी त्यांनी स्वतःची समजूत घातली. कुणी आलं नसेल. पण सहाही जण आले होते, यादीवर सहांच्या सह्या होत्या. सकाळी सात काढली असतील. कपाटातल्या खोक्यावर त्या रोज उरलेला आकडा पेन्सिलीनं लिहीत, तो पाहिला. सहाच काढली होती. मग त्यांनी हातमोजे चढवले, कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उलटा केला आणि कापसाचे बोळे बाजूला सारत फाडलेली पाकिटं वेगळी केली. पाच. पुन्हा चाळलं. पाचच. सुयांचा डबा सकाळीच नवा लावला होता. पारदर्शक झाकणातून त्यांनी टोपणं मोजली. तीही पाच.

सहा चेहरे आणि पाच टोपणं. त्या खाली जमिनीवर बसल्या, त्या कचऱ्याशेजारी, आणि दिवस पहिल्यापासून आठवू लागल्या.

सकाळचे तिघे त्यांना स्वच्छ आठवत होते. शेवटच्या आजीबाईही आठवत होत्या, कारण पाकीट फाडल्याबरोबर त्यांनी डोळ्यांवरच्या कापसाखालून विचारलं होतं, "चिप्स खातेस का गं?" राहिले चौथा आणि पाचवी. चौथा म्हणजे वाद्यवृंदात गाणारा गायक, सहा फूट उंच, आवाज खर्जातला आणि रक्ताचा थेंब पाहिला की कोलमडणारा. पहिल्या बैठकीला पेनाच्या टोकावरचा लाल ठिपका पाहून तो पलंगावरच गार झाला होता. तेव्हापासून टाचणीबाईंनी त्याच्यासाठी वेगळी सोय केली होती. टोचून झालं की टोक स्पिरिटनं पुसायचं आणि पेनावर लगेच नॅपकिन टाकायचा, म्हणजे त्याला काही दिसणार नाही. तो गेला की मग टोपण काढायचं. आज तो तरीही उठताना डळमळला. त्याला बसवा, पाणी द्या, पाय वर करा, यात दहा मिनिटं गेली. पडद्यापलीकडे पाचवीच्या मलमाची वेळ उलटून चालली होती. टाचणीबाई लगबगीनं ट्रॉली ओढत तिकडे गेल्या, कापूस ठेवला, चेहरा पुसला, नॅपकिन उचलला आणि सुरुवात केली.

पेनावर नॅपकिन होता. नॅपकिन म्हणजे नवं टोपण. त्यांच्या हातानं डोक्याला विचारलंच नाही.

आणि ती पाचवी पोस्टातली होती.

डॉक्टरीणबाई आपल्या खोलीत फोनवर होत्या. टाचणीबाई दारात उभ्या राहिल्या ते पाहूनच त्यांनी फोन ठेवला. टाचणीबाईंनी एका दमात सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, नॅपकिनसुद्धा. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी खात्री आहे का हे तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. मग त्यांनी गायकाचा फोन लावला. बंद. त्याचा आज कार्यक्रम होता, हे तोच दुपारी सांगून गेला होता. आता उद्या सकाळशिवाय तो हाती लागणार नव्हता.

डॉक्टरीणबाई बोलू लागल्या आणि त्यांचं बोलणं चुकीचंही नव्हतं. सुया बारीक, टोक पुसलेलं, गायक तरुण आणि धडधाकट. धोका आहे, पण फार थोडा. रक्तातून एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या दुखण्यांवर औषध आहे, ते तीन दिवसांच्या आत सुरू करावं लागतं. उद्या सकाळी गायकाला नेहमीची तपासणी म्हणून बोलवू, रक्त घेऊ. निर्मळ निघालं तर पोस्टातल्या बाईंना उगाच घोर लावायचा कशाला? आणि हे बाहेर गेलं तर दवाखान्याला टाळं लागेल, तुमचं प्रमाणपत्र जाईल, माझंही नाव जाईल.

टाचणीबाई ऐकत होत्या. त्यांना ते पटावं असं वाटत होतं, हेही खरं. एक रात्र तर काढायची. सकाळी कागदावर सगळं ठीक आलं तर ही गोष्ट या दोन खुर्च्यांमध्येच संपेल आणि पोस्टातली आपल्या सरळ खुर्चीत बसून तिकिटं विकत राहील. शेजारणीनं पुढे केलेली ती जुनी सुई त्यांना आठवली. किती साधं असतं ते, हात पुढे करायचा आणि घ्यायची.

"औषध तीन दिवसांत म्हणालात," त्या म्हणाल्या. "पण जितकं लवकर तितकं बरं ना?"

डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या.

"मग सकाळपर्यंतचा वेळ तिचा आहे. तो आपण कसा घ्यायचा?"

"बाई, तुम्ही आता घाबरलेल्या आहात."

"घाबरलेय तर. पण सुई हरवलेली नाही, डॉक्टर. ती कुणाच्या गालात गेलीय हे मला ठाऊक आहे. मी जाते तिच्याकडे."

त्यांनी ओढणी नीट केली आणि निघाल्या. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांना वाटलं, आपण या पायऱ्या उद्या चढणार नाही बहुतेक. त्या कोपऱ्यापर्यंत पोचल्या तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज कोरडा होता. मोठ्या इस्पितळात त्यांची मैत्रीण होती, तिच्याशी बोलणं झालं होतं. "बाईंना घेऊन थेट तिकडे या. मी पोचते. आणि त्यांना सांगा, चूक दवाखान्याची आहे." टाचणीबाई भर रस्त्यात रडल्या. एका भाजीवाल्यानं विचारलं, काय झालं, तर त्या म्हणाल्या, काही नाही, कांदा. त्याच्या गाडीवर कांदे नव्हते.

पोस्टातलीचं घर दोन बसथांबे पुढे होतं. बसमध्ये त्यांनी नवऱ्याला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. तो म्हणाला, कुणाच्या गालाला ठिगळ लावायचं राहिलं का? एरवी त्या हसल्या असत्या. आज त्यांनी फक्त फोन ठेवला, आणि तो माणूस बिचारा तिकडे काळजीत पडला, कारण इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

बसमध्ये त्या वाक्यं जुळवत होत्या. आधी बसायला सांगायचं. मग पाणी. मग काय? तुमच्या चेहऱ्यात मी दुसऱ्याचं रक्त टोचलं, हे कुठल्या शब्दांत सांगायचं? चूक झाली म्हणावं तर चूक हा शब्द शिवणीला, आणि ही शिवण उसवता येणारी नव्हती. तिसऱ्या मजल्यावर चढताना प्रत्येक पायरीवर त्यांना एक वाक्य सुचत होतं आणि पुढच्या पायरीवर ते निसटत होतं.

दार तिनंच उघडलं. चेहरा लालबुंद, उन्हात भाजल्यासारखा, पहिल्या दिवशी असतो तसाच. टाचणीबाईंना पाहून ती आधी चकित झाली आणि मग खूश झाली. "ताई, तुम्ही? या ना. आत्ताच आरशात बघत होते, तो कडेचा मोठा खड्डा खरंच उथळ झालाय." तिनं गाल उजेडाकडे केला. घरात दुसरं कुणी नव्हतं. पंख्यासमोर खुर्ची होती, खुर्चीवर थंड पाण्याचा रुमाल. टाचणीबाईंना वाटलं, आत्ता मागे फिरावं. फक्त बघायला आले होते, गाल कसा आहे ते, असं म्हणावं, पाणी प्यावं आणि जावं. वाक्य तयारही होतं तोंडात.

त्या बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी सांगितलं. गायक, त्याची भोवळ, नॅपकिन, ट्रेमधलं सहावं पाकीट. आता लगेच इस्पितळात जायचं आहे, डॉक्टर तिथे वाट बघताहेत, उद्या त्या माणसाचं रक्त तपासतील, तोवर औषध सुरू करायचं. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालंच नाही.

पोस्टातली खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. टाचणीबाई शिव्यांची वाट पाहत होत्या. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पाकीट फाडल्याचा आवाज आला नाही. दर वेळी येतो. डोळ्यांवर कापूस असतो ना ताई, मग माणसाचं सगळं लक्ष कानातच असतं. मी वाट बघत होते आवाजाची. आणि तुम्ही सुरूच केलंत."

टाचणीबाईंना पुढचं ऐकायचं नव्हतं. तरी त्यांनी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही होतात म्हणून. दुसरं कुणी असतं तर उठून बसले असते. तुम्हाला कसं विचारायचं? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

टाचणीबाई तेव्हा खाली बसल्या. त्यांच्या हातावर इतका भरवसा ठेवणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं, आणि त्याच भरवशानं त्या बाईचं तोंड बंद केलं होतं. चारशे बारा फ्रॉकांत अशी सुई त्यांनी कधी शोधली नव्हती. पोस्टातली मात्र आत गेली, चप्पल घालून आली आणि म्हणाली, चला, बस आता मिळेल. बसमध्ये दोघी शेजारी शेजारी बसल्या. ती पूर्ण वेळ खिडकीकडे तोंड करून होती, उजवा गाल काचेकडे.

पुढचं थोडक्यात सांगतो. गायक दुसऱ्या दिवशी आला. त्याला खरं तेच सांगितलं, तर तो रक्त देतानाच कोलमडला. त्याचं रक्त निर्मळ निघालं. पोस्टातलीचं औषध थांबवलं, पण तीन महिन्यांनी तिची पुन्हा तपासणी करायची ठरली. डॉक्टरीणबाईंनी सगळा प्रकार स्वतःच्या सहीनं लिहून वर कळवला. दवाखाना दोन आठवडे बंद राहिला, चौकशी झाली, टाळं लागलं नाही. टाचणीबाई चार महिने पुन्हा टॉवेल धूत होत्या. तीन महिन्यांनंतरचा कागद आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तो धुण्याच्या खोलीत आणून त्यांच्या ओल्या हातात दिला. त्यावर नको ते काही नव्हतं. टाचणीबाईंनी तो कागद टॉवेलासारखा छातीशी धरला आणि भिजवून ठेवला.

पेन पुन्हा हातात आलं तेव्हा त्यांनी रीत बदलली. नॅपकिन बंद. डोळ्यांवर कापूस ठेवायच्या आधी पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं आणि त्यालाच फाडायला लावायचं. काहींना मजा वाटे, काहींना वैताग येई, आजीबाईंनी तर दातानं फाडलं आणि बोलणी खाल्ली. ते टाकून दुसरं पाकीट उघडावं लागलं.

पोस्टातली येणार नाही असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. टाचणीबाई रोज यादी वरपासून खालपर्यंत वाचायच्या. पाचव्या महिन्यात एका सकाळी तिसऱ्या ओळीवर ती होती. ती आली, जुजबी बोलली, मलम लावून पाऊण तास पडून राहिली. टाचणीबाईंनी तिच्या हातात पाकीट दिलं.

तिनं ते फाडलं नाही. ते उलटंपालटं करून पाहिलं, उठून बसली आणि ट्रेकडे मान वळवली.

"आज सकाळी किती काढली होती?"

"पाच," टाचणीबाई म्हणाल्या.

"आणि माझं कितवं?"

"तिसरं."

ट्रेमध्ये दोन सीलबंद पाकिटं होती. तिनं ती बोटानं मोजली, मग वाकून कचऱ्याच्या डब्यातली दोन फाडलेली पाहिली. टाचणीबाई समोर उभ्या होत्या. त्यांना वाईट वाटलं, अगदी तिनं म्हटलं होतं तसंच. आणि इतकं बरं वाटलं की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"ठीक आहे," पोस्टातली म्हणाली, आणि तिनं पाकीट फाडलं.